मीरासाबच्या इंजिनाची घाण

मीरासाब ड्रायव्हरनं स्वतःच्याच निरोप समारंभाला यायचं नाकारलं, तेही असं, की ऐकणाऱ्यानं हसावं का चिडावं कळू नये. "माझं इंजान निरोपाला येनार आसंल, तर मी येतो," एवढं म्हणून त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

त्याचं इंजिन आता कुठून येणार? एकाहत्तर साली मिरज-कोल्हापूरची छोटी लाईन जाऊन मोठी आली आणि छोटी इंजिनं कुठं कुठं पाठवून दिली. मोठ्या इंजिनावर कसेबसे सहा महिने काढून मीरासाब रिटायर झाला आणि घरात बसला. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर. शिट्टी झाली की हा खिडकी लावून घ्यायचा.

त्याचा थोरला मुलगा निसार रेल्वेतच फिटर. बापाचं बोलणं त्यानं शब्दशः धरलं. दिलदार भंगारवाल्याच्या दुकानातून तो एक खेळण्यातली आगगाडी घेऊन आला. हातभर लांबीचं पत्र्याचं इंजिन, मागं मालाच्या दोन वॅगनी आणि शेवटी गार्डाचा डबा. कुठल्यातरी बंगल्यातली असणार. सगळीकडं गंज चढलेला, एक चाक गायब, धुराडं वाकडं. ते सगळं पोत्यात घालून तो माझ्या दारात उभा.

माझ्याच दारात का, तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गौरीचे जुने मुखवटे नव्यानं रंगवून देते ती मी. शिकवलं कुणी नाही. पहिल्या वर्षी एका गौरीला मिशी फुटल्यासारखी दिसत होती; ती त्या घरात अजून तशीच पुजतात.

"तानाकाकू, तुमी गौरीचं नाक बशिवताय, मग धुराडं बशिवता ईल की," निसार म्हणाला.

"नाक आणि धुराडं एकच काय रे?"

"धूर सोडला तर काय फरक हाय?"

घेतलं कामाला. रॉकेल आणि पॉलिशपेपर लावून गंज काढला. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून चाक करून आणलं. धुराडं लाटण्यावर चढवून सरळ केलं, आणि ते लाटणं नंतर सासूबाईंना कळू न देता तीनदा धुतलं. मग काळा ऑईलपेंट, कडेनं सोनेरी रेघ, पुढच्या पाटीला लाल. तीन आठवड्यांनी इंजिनात तोंड दिसायला लागलं.

निसार आला. चारी बाजूंनी बघितलं. डोकं खाजवलं.

"काय झालं?"

"काकू, ह्ये इंजान न्हाय. ही नवरी हाय."

"म्हणजे?"

"अब्बांचं इंजान मळकं हुतं. लई मळकं. ह्ये बघून ते इचारतील, कुणाचं लगीन हाय म्हणून, आन घरला जातील."

आता आली का पंचाईत. डाग काढायचे दहा उपाय मला पाठ होते, पाडायचा एकही नाही. दिव्यावर काजळ धरलं, रॉकेलात कालवून फासलं. इंजिनाची गाढवावरून धिंड काढल्यासारखं दिसायला लागलं. मग मनाशी म्हटलं, आधी नीट बघितलं पाहिजे. चार दिवस रोज दुपारी स्टेशनात जाऊन उभी राहिले. एका हमालाला राहवेना.

"मावशी, पावणं अजून आलं न्हाईत व्हय?"

"पावणं नाहीत. घाण बघायला आलीय."

तो दोन पावलं मागं सरकला.

पण बघितल्याचा फायदा झाला. खरी घाण फासलेली नसते, ती ओघळते. पाणी गळतं तिथं चुन्यासारखे पांढरे ओघळ येतात. खाली गंज, वरती राख, चाकाशी तेलाचा चिकटा. मी गेरू, चुलीतली राख, चुना आणि जवसाचं तेल घेऊन बसले आणि पंधरा दिवस थोडं थोडं मळवत गेले. वॅगनींच्या दारांना तर खरी काकवी लावली. कोल्हापुरातून निघालेल्या वॅगनीला गूळ लागला नसेल, तर ती कोल्हापूरची कशी? ह्या विचारावर मी फारच खूश झाले होते.

समारंभ खंडेनवमीला ठरला, दुपारी चारला, रेल्वेच्या इंजिनशेडमधल्या हत्यारांच्या पूजेनंतर. सकाळी मी झेंडू आणायला गेले. परत आले तर सासूबाई मोरीपाशी पदर खोचून उभ्या आणि पाटावर ऊन खात बसलेलं माझं इंजिन! लख्ख. वर हळदीकुंकू.

"मुंग्या लागल्या हुत्या गं वॅगनीस्नी," सासूबाई म्हणाल्या. "मग म्हटलं, नवमीचं सगळी हत्यारं धुत्यात, आन ह्ये द्यायचं इंजान तसंच घाण? चिंच लावली, राख लावली, काथ्यानं घासलं. बघ कसं उजाळलं!"

पंधरा दिवसांची घाण चिंचेच्या एका गोळ्यात गेली होती. ऐंशी वर्षांची बाई, दम लागलेला, तोंडभर हसू. मी म्हटलं, "छान झालं, आत्याबाई." दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात दारात इमामबी, मीरासाबची बायको. घाईत आलेली.

"तानाबाई, आज त्यांनी दाढी केली," ती बसायच्या आधीच सांगायला लागली. "चार म्हैन्यांत पैल्यांदा. बोलत न्हाईत काय, पन नवा सदरा काढून ठेवलाय. इंजान येनार म्हणून निसार सांगून बसलाय न्हवं. आज जर त्यास्नी ते आपलं वाटलं न्हाय, तर ह्यो मानूस परत उंबरा वलांडायचा न्हाय बगा." मग तिची नजर पाटावर गेली. "हेच व्हय ते?"

"हेच."

इमामबी खाली बसली. मी पण बसले. साडेअकरा वाजले होते. मी काजळाची डबी, गेरू, राख पुढ्यात मांडली खरी, पण हात चालेना. पंधरा दिवसांचं काम चार तासांत कसं करायचं?

"भाभी, तुम्ही कधी बसला होता का त्या इंजिनात?"

"न्हाय वो. बाईमानसाला कोन चढू देतंय? पन घाण मला इचारा. तीस वर्सं धुतलीया मी." तिनं डबी ओढली. "डाव्या अंगाला काळं लई घाला. डावी बाही दोनदा घासायला लागायची. पाठीवर राख असायची, म्हंजे टपावरनं पडनारच की. आन तेल गुडघ्यावर. हितं, ह्या पायरीपाशी. तितं टेकून चढत असतील."

ती बोटांनी लावत गेली, मी मागून ब्रशनं ओघळ सोडत गेले. नुसते सदरे आणि पायजमे आठवून तिनं अख्खं इंजिन मळवलं. ड्रायव्हरच्या खिडकीशी पोचलो. तिच्या कडेला मी काजळ लावणार, तोच इमामबीनं मनगट धरलं.

"हितं नगं."

"का हो?"

"डाव्या कोपराला सदरा दरसाल फाटायचा. पन तितं काजळी कवा न्हाय. म्हंजे कोपर हितं टेकलेला आसनार, घासून घासून लख्ख झालं आसनार."

मी विळी घेतली आणि खिडकीच्या कडेवरचा रंग खरवडून नखाएवढा पत्रा उघडा केला.

"सकाळधरनं घासून मी धुते, आन ह्या दोघी मळवत्यात!" सासूबाई देव्हाऱ्याला सांगत होत्या.

चार वाजता मीरासाब आला. "बघून जातो," म्हणाला. मांडलेली खुर्ची, हार, पेढे, कशाकडं बघितलं नाही. टेबलावरच्या इंजिनाभोवती हात मागं बांधून फिरला, ड्यूटीवर चढायच्या आधी फिरत असेल तसा.

"राख लई झालीया हितं," तो म्हणाला.

निसारनं माझ्याकडं बघितलं. मी इमामबीकडं.

मग तो खिडकीशी वाकला. चष्मा वर केला, परत खाली घेतला. बराच वेळ त्या नखाएवढ्या पत्र्याकडं बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा डावा कोपर आपोआप अंगापासून जरासा बाहेर आला, हवेतच टेकल्यासारखा.

"ह्ये कुनी सांगितलं?"

बायकांच्या बाजूनं इमामबी म्हणाली, "तीस वर्सं कोपर तितंच हुता तुमचा. घरात कुटं हुता?"

शेड हसलं. मीरासाब हसला नाही. नाक ओढून म्हणाला, "खुर्ची कुटं हाय? आना हिकडं. आन भाषन एकच करा."

भाषणं तीन झाली. तिन्ही संपेपर्यंत इंजिन त्याच्या मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच गल्लीतून कुणीतरी खाकरत आलं. बघते तर मीरासाब, काखेत गार्डाचा डबा.

"बाई, इंजान झ्याक. पन ह्यो डबा कुनाचा?"

"तुमचाच की."

"आमच्या गाडीला हंबीरराव गार्ड हुता. पानाचा डबा घिऊनच चढायचा. मिरजंपासनं कोल्हापूरपतोर ह्या खिडकीखाली पिचकाऱ्या. त्या कुटं गेल्या?"

"त्या म्या धुतल्या न्हाईत हं!" आतून सासूबाई.

मी कात आणि चुना कालवायला घेतला. मीरासाब उंबऱ्यावर टेकला. पहिला ठिपका मारला, तर मान हलवली.

"तसं नव्हं. मागं ओढा जरा. गाडी पळतीया न्हवं?"