एका सिलिंडरचा मानकरी

मी इंजिन बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, सांभाळून घ्या. टू-स्ट्रोकच्या घराण्यात हळू बोलायची रीत नाही. आणि बोलता बोलता थोडा धूर निघाला तर खिडकी उघडा, पण नाक मुरडू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की दुसऱ्या कंपन्यांच्या मोटारसायकली बाळगणारे लगेच बाह्या सारून येतात आणि चहा गार होईपर्यंत भांडतात. एवढंच सांगतो, की मला सिलिंडर एकच आहे. पाण्याचे लाड नाहीत. अंगावरच्या पात्यांमधून वारं खेळलं की मी गार, नाही खेळलं की तापतो.

माझे पहिले मालक सोमनाथ डॉक्टर. माणसांचे नव्हे, ढोरांचे. केजच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर मी त्यांना घेऊन जायचो. कुणाची म्हैस अडली, कुणाचा बैल लंगडला, की आमची स्वारी निघाली. डॉक्टर सोन्यासारखा माणूस, पण मायलेजवाले. उतार दिसला की मला बंद करायचे आणि गाडी तशीच सोडून द्यायचे. पंगतीत बसवावं आणि जिलेबीचं ताट दिसताच उठवावं, तसा माझा जीव व्हायचा.

डॉक्टर निवृत्त झाले, त्यांनी स्कूटी घेतली, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये पडलो. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाईट वाटायचं, पण म्हटलं, चला, कुणीतरी बसतंय.

अशात एक दिवस डॉक्टरांची स्कूटी दुरुस्त करायला अभिमन्यू आला. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्याशेजारी त्याचं गॅरेज आहे. त्यानं मला पाहिलं, कोंबडीला हळूच बाजूला केलं आणि किक मारून बघितली. मी हललोसुद्धा नाही, गंजून गच्च बसलो होतो. तरी तो म्हणाला, "डाक्टर, ह्यो मेला न्हाई. रुसलाय." डॉक्टरांनी मला त्याच्या हवाली केलं, पण मी त्या एका वाक्यावरच त्याचा झालो होतो.

अभिमन्यू म्हणजे मतांचं पोतं. पाना हातात आला की त्याचं तोंड सुरू. "कार्बुरेटर म्हंजी गाडीची जीभ. तिला पेट्रोलची चव कळती. आताच्या गाड्यांना निसता मेंदू हाय, जीभच न्हाई." विजेच्या गाडीबद्दल विचारा, तो म्हणणार, "आवाजच न्हाई ती गाडी कसली? लई मोठा मोबाईल हाय त्यो." गिऱ्हाईकानं मायलेज विचारलं की हा उलटं विचारायचा, "बायको करताना ती किती भाकरी खाती, इचारलं व्हतं का?" अशानं धंदा चालतो का? पण चालायचा. लोक गाडी दुरुस्त करायला कमी आणि भांडायला जास्त यायचे, आणि भांडता भांडता ऑइल बदलून जायचे.

त्याची सगळी मतं मला पटत नाहीत. फोर-स्ट्रोकला तो "पगारदार" म्हणतो, ते बरं नाही. नेमानं काम करणाऱ्याची चेष्टा करू नये. पण कुणी मला शिव्या घातल्या की तो माझ्या बाजूनं उभा राहायचा, म्हणून मीही गप्प बसायचो.

त्यानं मला पार उघडलं. सिलिंडरला नवा बोअर मारला, म्हणजे आतून कोरून रुंद केला, दुसऱ्याच गाडीचा मोठा पिस्टन बसवला, आतल्या वाटा कानशीनं घासून अशा गुळगुळीत केल्या की पेट्रोल न अडखळता आत यावं. कार्बुरेटर तिसऱ्याच गाडीचा. आता मी कुठल्या कंपनीचा राहिलो, देव जाणे. पण पहिल्या किकला जो आवाज निघाला, तो ऐकून ढाब्यावरचा आचारी झाऱ्यासकट बाहेर आला. अभिमन्यू हसत होता आणि डोळे पुसत होता. म्हणाला धूर गेला. धूर कसला, मला कळत नाही का?

यानंतर त्याला विमानाचं वेड लागलं. छोटं, एका माणसाचं विमान. मोबाईलवर बघून बघून त्यानं सागवानाचा पंखा तासला, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा केला. पंखांचं कापड त्याच्या बायकोनं, दिपालीनं शिवलं. शिवताना ती एकच विचारायची, "अहो, मोटारसायकल बंद पडली तर माणूस उतरून ढकलतं. वर बंद पडली तर कोण ढकलणार?" मतांचं पोतं तेव्हा मात्र निमूट सुईत दोरा ओवून द्यायचं.

उडायला सरकारची परवानगी लागते, म्हणून आम्ही पडीक रानात नुसतं पळायचं ठरवलं. पळालो. मी असा जोर लावला, असा लावला, की एका बांधावर चाकाखालची जमीनच निघून गेली! कोंबडी उडते तेवढंच उडालो असू. पण तो क्षण! सगळ्या अंगातून वारं. मग धाडकन शेजारच्या धर्मराजच्या तुरीत उतरलो. धर्मराज काठी घेऊन धावत आला आणि अभिमन्यू धडधाकट आहे हे पाहून शिव्यांवर थांबला. दिपालीनं त्याच दिवशी पंखा काढायला लावला. अभिमन्यूनं तोंड वाकडं केलं, पण काढला. मलाही तिचंच बरोबर वाटलं. माझं काय, मी लोखंड, त्याची हाडं मोडली असती.

मग आला माझा तिसरा जन्म. अभिमन्यूचे वडील त्रिंबकआप्पा गुडघ्यांनी थकले होते. वैरण-पाणी होईना, म्हणून त्यांनी आपली बैलजोडी लेकीच्या घरी दिली. शेत तर बैलाशिवाय पडलं. अभिमन्यूनं मला पुन्हा मोटारसायकलीत बसवलं, मागं मोठी दातेरी चकती लावून चाल बैलासारखी संथ केली आणि पाठीशी कोळपं जोडलं. पिकांच्या ओळींमधलं तण काढत मी कपाशीतून फिरू लागलो. आभाळात जाणारा मी, आता ढेकळं मोजत होतो. पण खरं सांगू? काळ्या मातीचा वास मला आवडला.

आप्पांना मात्र मी आवडलो नाही. ते बांधावर बसून बघायचे. मला हात म्हणून लावला नाही. बोलायचे तेही, "अभ्या, तुजी ती फटफटी माज्या बैलांच्या जागेवर लावू नगंस," एवढंच.

श्रावण सरत आला, तसं घर मुकं झालं. कारण पोळा. आमच्या गावात पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिली पाटलांची जोडी जाते आणि दुसरा मान त्रिंबकआप्पांच्या घराचा. आप्पांच्या आज्यापासून हा मान चालत आलेला. पण अट अशी, की जनावर स्वतःच्या घरचं आणि स्वतःच्या रानात राबलेलं पाहिजे. उसनी जोडी चालत नाही. कुणी आलंच नाही, तर मान पुढच्या घराकडे जातो आणि मग परत येत नाही. यंदा गोठा रिकामा. आप्पा झूल मांडीवर घेऊन बसायचे, घडी घालायचे, उलगडायचे, पुन्हा घालायचे.

शेवटी अभिमन्यूची आई, जानकीबाई, तवा उतरवून बाहेर आली आणि म्हणाली, "कपाशी कुणी कोळपली यंदा?"

"अभ्यानं," आप्पा म्हणाले.

"अभ्या वर बसला व्हता. राबलं कोण?"

आप्पांनी झुलीची घडी पुन्हा उलगडली. जानकीबाई म्हणाली, "रानात राबलं त्यो बैल. मी तर त्याचीच खांदमळणी करणार."

आणि केली की! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, तसं तिनं माझ्या अंगाला चोळलं. मग कानात आवतन द्यायला कान शोधला. सापडेना. तिनं हॉर्नला तोंड लावलं आणि हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मला आजवर कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. पेट्रोल घालतात, पण ते गरज म्हणून. आवतन वेगळं.

पोळ्याच्या सकाळी अभिमन्यूनं मला न्हाऊ घातलं, पण पात्यांमध्ये बसलेलं हळद-लोणी काही निघालं नाही. एअर फिल्टर धुऊन दोरीवर वाळत घातला. हँडलच्या टोकांना शिंगं समजून लाल हिंगूळ लावला, दिव्यावर बाशिंग बांधलं. दिपालीनं घुंगरमाळ घातली. संध्याकाळी फिल्टर घाईघाईनं बसवला आणि मी उगाच तापू नये म्हणून मला मारुतीपर्यंत ढकलत नेलं.

मैदानात सगळं गाव. बैल नटलेले, ताशा वाजतोय. मला बघून आधी हशा पिकला. मग पंच म्हणून उभा असलेला धर्मराज पुढं आला. "अभ्या, मला हरकत न्हाई. रानात राबलंय, मी डोळ्यांनी बघितलंय. माज्या तुरीत पण राबलंय." पुन्हा हशा. "पण बैल आपल्या पायानं जातो. ढकलत न्यायचं असंल तर मान सोडावा लागंल."

पाटलांची जोडी गेली. आमची पाळी आली. आप्पा हातात कासरा घेऊन आले होते, पण दूर उभे होते. अभिमन्यूनं किक मारली.

मी सुरू झालो नाही.

दुसरी मारली, तिसरी मारली. बीडच्या मातीत प्रत्येक माणूस अर्धा मेकॅनिक असतो. "चोक वढ बे!" "प्लग काढ!" "आडवी पाड गाडी!" अभिमन्यूनं प्लग बघितला, ठिणगी चांगली. पेट्रोल बघितलं, भरपूर. त्याच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर मतं देणारा माणूस, आज स्वतःच्या गाडीवर एक मत सुचेना.

आणि मी? मला सगळं ठाऊक होतं! माझ्या घशात काय अडकलंय हे मी ओरडून सांगत होतो, पण बंद इंजिनाला आवाज कुठला?

पुढच्या घरच्या बैलांनी घुंगरं वाजवली. धर्मराजनं नाइलाजानं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. इतक्यात ओवाळायचं ताट घेऊन जानकीबाई पुढं आली. "कावून चालंना? उपाशी तर न्हाई त्यो. सकाळी म्या सोता घास दिलाय."

अभिमन्यूचा पाय किकवरच थांबला. "माय, कुठं दिलास घास?"

"तोंडात. आजून कुठं देत्यात?"

"त्याला तोंड कुठंय?"

"ते काय," तिनं कार्बुरेटरकडे बोट दाखवलं. "आ वासून बसलं व्हतं बिचारं."

अभिमन्यूनं फिल्टर काढला. आत पुरणपोळी. तुपात भिजवून, अंगठ्यानं नीट आत सारलेली! सगळं मैदान हसून लोळलं. जानकीबाईचा चेहरा मात्र एवढासा झाला. पाहुण्याला जेवू घालायला गेली आणि घराचा मान घालवला, असं तिला वाटलं.

तेव्हा आप्पा गुडघे धरत पुढं आले. "हसू नका रे. बैलाला बी कवातरी घास आडकतो. माज्या ढवळ्याला आडकला व्हता, तवा म्या कोपरापस्तोर हात घालून काढलाय." ते माझ्यापाशी खाली बसले. अभिमन्यू पाना शोधत होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. कार्बुरेटरच्या तोंडात त्यांनी स्वतःचं बोट घातलं आणि हळूहळू, मला जराही न दुखवता, पुरण काढत राहिले. दुसरा हात माझ्या अंगावर होता. बैलाला धीर देताना ठेवतात तसा.

"हां. आता मार."

काय सांगू, पहिल्या किकला सुटलो! आधी तुपाचा खमंग धूर निघाला, मग माझा खणखणीत आवाज. ताशावाला थांबून बघत राहिला. आप्पांनी हँडलला कासरा बांधला आणि पुढं चालू लागले. त्यांच्या गुडघ्यांची चाल म्हणजे गोगलगाय बरी. वारं नाही, पायलीभर हळद-लोणी अंगाला, मी असा तापलो की लोणी चरचरू लागलं. पण बंद पडलो नाही. जन्मात एकदाच जमिनीवरून उचललो गेलो होतो. ते सुख या पन्नास पावलांपुढे काहीच नव्हतं. तोरणाची पानं माझ्या बाशिंगाला घासली आणि धर्मराज ओरडला, "दुसरा मान, त्रिंबकआप्पाचा!"

जानकीबाईनं ओवाळलं. आप्पांनी शाबासकी म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली आणि "आयाऽऽ" करून हात झटकला. "लई तापट निघालास की गड्या!" म्हणाले आणि पोट धरून हसले.

आता मी गोठ्यात असतो. कुठल्या जागेवर, ते विचारू नका, आप्पांनी स्वतः नेऊन बांधलंय. हो, बांधलंय. गाडीला कासरा बांधायची गरज नसते हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही.

वाचकहो, तुमच्याही शेडमध्ये माझा एखादा भाऊबंद पडला असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एकदा किक मारून बघा. मेला नसेल, रुसला असेल. आणि जेवायला बोलावलंत तर घास टाकीवर ठेवा, नजरेनं जेवतो आम्ही. बरं, थांबतो. आप्पा आलेत, आणि रोजच्यासारखं घराकडे तोंड करून ओरडतायत, "अगं, बैलाला पेट्रोल पाजलं का न्हाई कुणी?"