व्हर्नेटाबाईंची अठरा मिनिटं

मी एक जुना माईक आहे. मान वाकडी, जाळीला डाव्या बाजूला पोचा, आणि आत कुणाकुणाची थुंकी वाळून बसलीय ते विचारूच नका. सध्या माझा मुक्काम टॅनर्स फेरीच्या नगरसभेच्या तळघरात, नाताळच्या चमकत्या ताऱ्यांच्या खोक्यात आहे. वर्षातून एकदा तारे बाहेर निघतात, मी आतच राहतो. पण मित्रांनो, एके काळी ह्या गावातली एकही कुरकुर माझ्या कानावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नव्हती.

माझा जन्म नदीपलीकडच्या एका कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका बाईनं माझ्या तारा जोडल्या, मला तोंडासमोर धरून आकडे म्हटले आणि डब्यात घातलं. मला वाटलं होतं, आपण गाणाऱ्यांच्या वाट्याला जाऊ, चर्चमध्ये नाहीतर जत्रेत. कसलं काय! नशिबात आलं नगरसभेचं लाकडी स्टँड. पहिल्याच दिवशी नगराध्यक्षांनी मला टिचकी मारून विचारलं, "चालू आहे का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तीस वर्षं जो आला त्यानं टिचकीच मारली. तोंड उघडण्याआधी मला मारायचं, अशी ह्या गावची रीतच पडली.

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सभा भरे. ज्याला बोलायचं त्यानं दारातल्या टेबलावर कार्ड भरायचं, नाव पुकारलं की माझ्यासमोर उभं राहायचं आणि दोन मिनिटांत काय ते सांगायचं. शेजारी तीन दिवे होते. हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की चिटणीस लुएला हक्सबाई बटण दाबत, आणि माझी बोलती बंद. आणखी एक नियम होता. आपली दोन मिनिटं दुसऱ्याला देता येत, मात्र देणारा माणूस सभागृहात हजर हवा. हा नियम बहुतेक वेळा डुलक्या घेणारे म्हातारे वापरत.

मी कचऱ्याच्या गाड्यांवरची भांडणं ऐकली, कुत्र्यांवरची ऐकली. न्हावी ॲम्ब्रोज टिली तर दर हिवाळ्यात येऊन म्हणे, "आमच्या हिकरी गल्लीतला बर्फ तुम्ही काढता की उन्हाळा काढतो, तेवढं एकदा लिहून द्या!" हशा पिकायचा. चांगले दिवस होते म्हणायचे.

मग तो फेब्रुवारी आला.

हिकरी गल्लीत व्हर्नेटा पेटिग्रू नावाच्या बाई राहतात. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. त्यांचा एकुलता एक मुलगा ओरिन, वय सव्वीस, गोदामात रात्रपाळीला असे. त्या सकाळी त्यांचा पाण्याचा पाईप गोठला. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत हे ठरलेलंच. दारापुढच्या लाकडी ओट्याखाली पाईप असतो. एकानं केस वाळवायचा ड्रायर घेऊन ओट्याखाली शिरायचं आणि पाईपवर गरम हवा मारत राहायची. दुसऱ्यानं आत नळ उघडा ठेवून उभं राहायचं. धार लागली की आतून ओरडायचं, "पाणी आलं!" त्या दिवसांत निम्मी गल्ली ओट्याखाली असते.

पण समोरच्या घरात ब्लांच कीलर नावाच्या बाई नव्यानंच आल्या होत्या, थेट ॲरिझोनाच्या उन्हातून. त्यांनी आयुष्यात गोठलेला पाईप पाहिला नव्हता. त्यांना दिसला एक धिप्पाड काळा माणूस, कुणाच्या तरी घराखाली शिरताना. त्यांनी पोलिसांना फोन केला. दोन पोलीस आले, ओरडले. ड्रायरच्या घरघरीत ओरिनला काही नीट ऐकू आलं नसावं. तो तसाच, हातात ड्रायर घेऊन बाहेर सरपटला. एका पोलिसानं तीन गोळ्या झाडल्या.

मार्चच्या सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. पोलीसप्रमुख माझ्यासमोर आले आणि कागद वाचला. "जखमीला तात्काळ वैद्यकीय मदत देण्यात आली." त्यांनी टिचकी मारली नाही, हे मला आठवतं.

मग एकेक जण येऊ लागला. ॲम्ब्रोजनं माझं स्टँड दोन्ही हातांनी धरलं. "गोळी झाडणारा ह्याच गावात जन्मला, इथंच वाढला. त्याच्या आईनं कधी पाईपला ड्रायर लावला नव्हता का? का आमच्या गल्लीत आलं की ड्रायरचीसुद्धा बंदूक होते?" मागून एक जण ओरडला, "पोलीस नसते ना, तर तुझं दुकान कधीच लुटलं असतं!" ॲम्ब्रोज फिरून म्हणाला, "दोनदा लुटलं, बाबा. दोन्ही वेळा फोन केला. अजून वाट बघतोय!"

त्या पोलिसाची बायकोही आली. तिचे ओठ माझ्या जाळीला टेकले होते, इतकी ती जवळ उभी होती. "माझा नवरा आठवडाभर जेवला नाही. त्याला अर्ध्या सेकंदात ठरवावं लागलं. तुम्ही महिनाभर आरामात बसून त्याचा निकाल लावताय." खरं सांगतो, तिचा आवाजही खोटा नव्हता. माईकला बाजू नसते, मित्रांनो. जो समोर येईल त्याचा श्वास त्याला लागतो.

शेवटी व्हर्नेटाबाई आल्या. बिचाऱ्यांनी पहिलं दीड मिनिट ओरिन कसा होता हे सांगण्यातच घालवलं. तो लहानपणी तोतरा होता, त्याला मक्याची भाकरी करपलेलीच आवडायची. पिवळा दिवा लागला तेव्हा त्या गडबडल्या. "साहेब, तात्काळ म्हणता? मी समोर होते. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर उभी होती, तिला पुढं येऊ दिलं नाही. ओव्हनच्या घड्याळात मी बघत होते, माझा मुलगा बर्फात पडला होता अठरा..."

लाल. बटण. त्यांचे ओठ हलत राहिले आणि सभागृहात काहीच पोचलं नाही. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली. सभेचं बोलणं टेपवर उतरत असे, तिथं ते "अठरा" तुटकं राहिलं. अठरा काय? पावलं? सेकंद? चिटणिसांच्या कागदावर तर एवढंच आलं, "श्रीमती पेटिग्रू बोलल्या. वेळ संपली." आणि पोलीसप्रमुखांचं "तात्काळ" मात्र जसंच्या तसं राहिलं.

पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांत सगळं टिपलेलं होतं. ते लोकांना दाखवायचं की नाही, यावर एप्रिलच्या सभेत मतदान होणार होतं. व्हर्नेटाबाईंना भीती एकच. मतदान उलटं गेलं, तर ती अठरा मिनिटं कुठंच उरणार नाहीत. ना टेपवर, ना कागदावर. म्हणून ह्या वेळी गल्लीनं जुळवाजुळव केली. व्हर्नेटाबाईंचं एक कार्ड, आणि नऊ जणांनी आपापली दोन मिनिटं त्यांना द्यायची. नऊ दुणे अठरा.

सभापती स्टॅनहोपसाहेबांनी नावं पुकारली. "ॲम्ब्रोज टिली, आपला वेळ देता?"

"दिला."

ॲम्ब्रोज धरून एकामागून एक आठ जण उठून "दिला", "दिली" म्हणाले. नववा होता लेव्हॉन, ओरिनचा मावसभाऊ, बस चालवणारा. त्याचं नाव तीनदा पुकारलं. त्याच्या पुढच्या पाळीचा ड्रायव्हर आलाच नव्हता, आणि प्रवासी भरलेली बस रस्त्यात टाकून तो येणार कसा?

"हजर नाही," सभापती म्हणाले आणि कार्ड बाजूला ठेवलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. ब्लांच कीलर उभ्या होत्या. हातात भरलेलं कार्ड होतं. "माझी घ्या. मिसेस पेटिग्रू, माझी दोन मिनिटं तुम्ही घ्या."

व्हर्नेटाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "फोन करायच्या आधी रस्ता ओलांडून माझं दार वाजवायला दोन मिनिटं पुरली असती, बाई. तेव्हा द्यायची होती. आता ती तुमच्याजवळच राहू द्या."

कीलरबाई खाली बसल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या.

हिरवा दिवा लागला. ह्या वेळी व्हर्नेटाबाईंनी एक शब्द वाया घालवला नाही.

"मी आत नळापाशी उभी होते. गोळ्या ऐकून दाराकडे धावले, तर दुसऱ्या पोलिसानं मला स्वयंपाकघरात अडवलं. म्हणाला, 'बाई, हलायचं नाही, आवाज करायचा नाही.' खिडकीतून मला ओरिनचे बूट दिसत होते. एक हलत होता. ड्रायर चालूच होता, बर्फात पडून घरघर करत होता. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. सात पंचवीसपर्यंत बूट हलत होता. आणि मग माझ्या पाठीमागे नळाला पाणी आलं. माझ्या पोरानं पाईप सोडवला होता. ॲम्ब्युलन्सची माणसं सात तीसला आली. अठरा मिनिटं. लिहून घ्या. आता मी बोलणार नाही. तो जितका वेळ पडला होता, तितका वेळ मी इथं उभी राहणार आहे. तुम्ही बघा."

त्यांची स्वतःची दोन मिनिटं इथं संपली, आणि त्या गप्प झाल्या.

मित्रांनो, तीस वर्षांत मी असं काही ऐकलं नव्हतं. पहिल्या दोन मिनिटांत लोक खुर्च्यांत चुळबुळले. चौथ्या मिनिटाला एक सभासद खोकला, मग उगीचच पुन्हा खोकला. पोलीसप्रमुखांच्या पट्ट्याचं चामडं करकरत होतं. दर दोन मिनिटांनी लाल दिवा लागे, हक्सबाई पुढचं नाव वाचत आणि पुन्हा हिरवा लागे. सहाव्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं, "काय तमाशा लावलाय हा!" सभापतींनाही तेच वाटत असावं. ते म्हणाले, "बाई, काही बोलायचं नसेल तर आपण पुढं जाऊ."

हक्सबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "माणसानं बोललंच पाहिजे, असं नियमात कुठंही नाही, साहेब. वेळ त्यांचा आहे."

दहावं मिनिट. बारावं. तेराव्या मिनिटाला त्यांच्या श्वासाची लय तुटली, आणि मला कळलं, तो बूट इथं थांबला. पोलिसाची बायको ओंजळीत तोंड लपवून बसली होती.

सोळा मिनिटं संपली. लाल.

"वेळ संपली," सभापती म्हणाले. हक्सबाईंचा हात बटणावर तसाच थांबला. "मिसेस हक्स!" सभापतींनी दरडावलं, तेव्हा हक्सबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं.

मला मुकं केलं. पण गप्प उभ्या असलेल्या बाईचं काय बंद करणार? व्हर्नेटाबाई हलल्या नाहीत. दोन शिपाई पुढं आले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, अर्ध्या वाटेत थांबले. मग ॲम्ब्रोज उठला, त्याच्यामागे सगळी गल्ली उठली. कुणी घोषणा दिली नाही. उरलेली दोन मिनिटं कुणी दिली नव्हती, ती त्यांनी घेतली.

अठरा पूर्ण झाल्यावर व्हर्नेटाबाई खाली वाकल्या. त्यांचं तोंड माझ्या जाळीजवळ आलं. बटण दाबलं की माझा आवाज पुढं जात नाही, पण माझे कान थोडेच बंद होतात! त्या सकाळी जे त्यांना ओरडू दिलं नव्हतं, ते त्या हळूच म्हणाल्या.

"ओरिन, पाणी आलं रे बाळा."

मग पर्स उचलून त्या निघून गेल्या.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. कॅमेऱ्यांतलं काही दाखवायचं नाही, असं ठरलं. तो पोलीस उन्हाळ्यात कामावर परतला. कीलरबाई घर विकून गेल्या. हक्सबाईंनी मात्र त्या दिवसाच्या कागदावर लिहिलं, "श्रीमती पेटिग्रू अठरा मिनिटं गप्प उभ्या होत्या." सभापतींनी "सोळा करा" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी घड्याळ पाहिलंय." पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

त्याच वर्षी नवे माईक आले. ते दोन मिनिटं झाली की आपोआप बंद पडतात. बटणावर कुणाचा हात लागत नाही, त्यामुळे कुणाचा हात थांबतही नाही. मला काढून ह्या खोक्यात टाकलं. तक्रार नाही. वस्तू जुनी झाली की तिची जागा अडगळीत, हे मला मान्य आहे.

पण मित्रांनो, माझं एक ऐका. ते शेवटचं वाक्य टेपवर नाही, कागदावर नाही, फक्त माझ्यापाशी आहे, आणि माझी जाळी आता गंजत चाललीय. म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं. मला पुसून पुन्हा स्टँडवर लावा, असं मी म्हणत नाही. एवढंच करा. समोरच्या घरात काही दिसलं आणि काळजात धस्स झालं, तर हात फोनकडे जाण्याआधी रस्ता ओलांडा आणि दार वाजवा. आत कुणीतरी नळ उघडा ठेवून उभं असेल.