भुंग्याचं दार

सुताराने वेलीच्या बुंध्याला करवत टेकवली, तेवढ्यात अक्का चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"तोड बाबा. मग राहिले मीच. मीही इथे नुसती जागाच अडवून आहे."

"अक्का, सकाळी सकाळी सुरू नको होऊस."

ती हसली खरी, पण चहा बशीत सांडला.

नवरा गेल्यावर ती या धाकट्या भावाकडे आली, ती एक पेटी आणि पॅशनफ्रूटच्या वेलीची एक कांडी घेऊन. पेटी अजून भरलेलीच होती. वेल मात्र त्याच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या छपरावर चढली, दोन वर्षं फुलांनी लगडली, आणि फळ म्हणाल तर नावाला नाही. लाकडं वाळवायचं सगळं ऊन तीच खायची. सुताराचं म्हणणं रास्तच होतं, तरी त्याला अक्काकडे बघवेना.

"आधी वरून सोडवतो," असं पुटपुटत तो शिडीवर चढला.

वर एक फूल थेट त्याच्या नाकासमोर आलं. दोन वर्षं त्याने नुसत्या गळलेल्या पाकळ्या झाडल्या होत्या. जांभळ्या तंतूंची झालर, मधोमध उभा दांडा आणि त्यावरून खाली तोंड करून लोंबणारे पाच परागकोश. "बापरे," तो स्वतःशीच म्हणाला. पानाच्या देठावर दोन बारीक गाठी होत्या, त्यांवर गोड थेंब, आणि थेंबांवर मुंग्या. एक अळी पानावर सरकली तशा मुंग्या तिच्यावर तुटून पडल्या आणि तिला खाली पाडूनच थांबल्या. घ्या! वेलीने जेवणावर राखणदार ठेवले होते.

लहान माश्या आल्या, मध चाटून खालच्या खाली निघून गेल्या. परागाला त्यांची पाठ लागलीच नाही.

मग कुठूनसा एक काळा, दांडगा भुंगा आला. तो झालरीवर गोल फिरला आणि त्याची पाठ पाचही परागकोशांना घासत पिवळी झाली. सुतार श्वास रोखून बघत राहिला. नखही शिरणार नाही असे जोड त्याने आयुष्यभर जमवले होते. हे माप त्याहून सरस होतं.

भुंगा उडून छपराच्या वाशाकडे गेला आणि एका बुजवलेल्या डागावर डोकं आपटू लागला. पुन्हा, पुन्हा. भोक बुजवायचा तो लगदा, ती लांबी, सुताराच्याच हातची होती. लाकडाला भोक त्याला खपायचं नाही. भुंग्याने घर कोरलं की लगेच भुसा आणि सरस मळून तो ते गच्च बंद करायचा. सगळे वासे त्याने असेच साफ राखले होते.

"काय रे, भूत दिसलं का?" अक्काने विचारलं.

"गिरमिट दे."

"वेल तोडायला?"

"दे गं आधी."

त्याने गिरमिट फिरवून लांबी कोरून काढली. भुसा अक्काच्या चहात पडला. भुंगा जरा दूर घुटमळला, मग आत शिरला. सुताराने वाशाला कान लावला. आत बारीक खरखर सुरू होती, आणि भोकातून ताजा भुसा गळत होता, अगदी त्याच्या स्वतःच्या करवतीखाली पडतो तसा.

"दोष वेलीचा नव्हता, अक्का. हिच्याकडे येणाऱ्यांची दारं मीच बुजवत होतो."

अक्काने चहातला भुसा बोटाने काढला.

"आणि तुझी लाकडं?"

"पलीकडे वाळवीन."

तिने बुंध्याशी पडलेली करवत उचलून जागेवर टांगली. दारापाशी थांबून म्हणाली,

"गिरमिट हातात आहेच, तर माझ्या खोलीतही एक खुंटी ठोकून दे. कपडे किती दिवस पेटीत ठेवू?"