चित्र अडकलं, आवाज चालू

"ताई, नेट कितीही मंदावलं तरी आवाज तुटत नाही," इंटरनेटच्या दुकानातला माणूस म्हणाला. "चित्र अडकेल एखादे वेळी, पण अ‍ॅप आधी आवाज सांभाळतं." हे त्याने अशा थाटात सांगितलं, जणू ते अ‍ॅप त्याच्याच घरी जन्माला आलं होतं.

"माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही," मी म्हणाले. "ती हातांनी बोलते. आवाज गेला खड्ड्यात, मला चित्र हवंय."

तो जरा ओशाळला. मग मी आईचा टॅब त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि आजोबांच्या काठीकडे बघावं तसा कौतुकाने हसला. "हा होय? हा वायफायची जुनी, मंद पट्टीच धरतो हो. नवी वेगवान पट्टी याला दिसतच नाही. आणि त्या जुन्या पट्टीत आजूबाजूच्या सगळ्या घरांची दाटी. तुम्ही शंभरच्या स्पीडचा प्लॅन घ्या नाहीतर पाचशेच्या, याच्या पदरात तेवढंच पडणार. प्लॅन लहानच घ्या आणि टॅब बदला."

टॅब आम्ही बदलून पाहिला होता. आई कधी शाळेत गेली नाही, तिला लिहिता-वाचता येत नाही. हिरवं बटण कुठे, माझा फोटो कुठे, हे तिने महिनाभर बोटांनी घोकून घोकून पाठ केलं होतं. नव्या टॅबवर सगळं आपापल्या जागेवरून हललं. दोन दिवस तिने प्रयत्न केला, मग तो खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिला आणि हात झटकले. तिने हात झटकले की आमच्याकडे विषय संपतो.

मी सगळ्यात मोठा प्लॅन घेतला.

"टाकी मोठी आणलीस, तोटी तीच," नवरा म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पण मी मुळात घाबरट बाई आहे, आणि भीती वाटली की मी दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू उचलते.

भीती बाळाची होती. माझी रजा संपली होती, लेक आठ महिन्यांची होती आणि दिवसभर तिला आई सांभाळणार होती. नवऱ्याला ते पटत नव्हतं. "ती रडली तर यांना कळणार कसं?" तो विचारायचा. मी सांगायचे, मला नाही का वाढवलं? झोपताना माझ्या पायाला सैल दोरा बांधायची, त्याचं दुसरं टोक तिच्या मनगटाला. मी पाय हलवला की ती उठायची. शेवटी तडजोड झाली. मी कामावरून दर थोड्या वेळाने टॅबवर बघायचं. काही विपरीत घडलं, एकदा जरी घडलं, तर बाळ पाळणाघरात आणि आई परत तिच्या एकटीच्या खोलीत. आई आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवत होती. तिला मला परत पाठवायचं नव्हतं.

मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे. दिवसभर अंगावर पांढरी भुकटी. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मास्क खाली ओढला आणि घरी फोन लावला. आईने लगेच उचलला. टॅब नेहमीप्रमाणे ओट्यावर बरणीला टेकवलेला, बाळ तिच्या कडेवर. तिने मोकळ्या हाताची बोटं ओठांना लावली, खाल्लं म्हणाली, सगळं खाल्लं. आणि हसली.

तिथेच चित्र अडकलं.

अडकायचं अधूनमधून, मी थांबायचे. आई हसत होती, बोटं ओठांपाशी. आवाज मात्र चालू होता. पंख्याची घरघर येत होती, बाळाचं गुरगुरणं येत होतं.

मग तो आवाज आला.

घोगरा, फाटका, कोणीतरी गळा आवळल्यासारखा. त्यात शब्द नव्हते. पुन्हा आला, आता आणखी जवळून आणि मोठ्याने. कोणी माणूस होता तो. माझ्या घरात, माझ्या आईच्या ओट्यापाशी. बाळ किंचाळलं. असं रडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. काहीतरी धाडकन पडलं. पुन्हा तो आवाज. आणि माझ्या हातातल्या पडद्यावर आई हसतच होती.

"आई!" मी ओरडले. "आई, मागे बघ!" जिला आयुष्यात काही ऐकू आलं नाही, तिला मी फोनमधून हाका मारत होते. अक्कल गहाण पडते ती अशी.

दाराची कडी वाजली. बाळाचं रडणं लांब गेलं. मग नुसता पंखा.

मी पळत सुटले. मागच्या गल्ल्यांतून, छापखान्याच्या भिंतीला धरून, कारण तोच जवळचा रस्ता. पळतापळता नवऱ्याला फोन केला. "घरात कोणीतरी शिरलंय," एवढंच म्हणता आलं. तो "काय? कोण?" म्हणाला आणि मी फोन तोडला, कारण मला पुन्हा पडद्यावर बघायचं होतं. पडद्यावर एक गोल फिरत होता. मनात काय काय येत होतं ते मी लिहिणार नाही, लिहिलं तर अजूनही खरं होईल असं वाटतं.

दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात स्टूल आडवं पडलेलं, बाळाची वाटी जमिनीवर. मी पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. कपाटसुद्धा उघडून पाहिलं, आठ महिन्यांचं बाळ कपाटात कोण ठेवतं? आईच्या चपला दाराशीच होत्या. म्हणजे ती आपल्या पायांनी गेलीच नाही, तिला कोणीतरी नेलं. त्या दोन चपला बघून मी जिन्यावर मटकन खाली बसले.

तेव्हा फोन वाजला. कामावरच्या पॉलिशवाल्या ताई होत्या.

"अगं आहेस कुठे तू? तुझी आई इथे आली आहे. बाळ कडेवर, पायात काही नाही. काय विचारावं तेच कळेना. प्रत्येक टेबलाखाली वाकून बघतेय."

"बाळ?"

"बाळ बरं आहे. माझ्या केसांशी खेळतंय."

मी मोठ्याने रडले, आणि तशीच परत पळाले. ती मोठ्या रस्त्याने गेली होती, तिला तेवढा एकच रस्ता ठाऊक. म्हणून आम्ही एकमेकींना दिसलो नाही.

मी दारात दिसले तशी आई आली आणि तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. गालावरचं प्लास्टर अंगठ्याने पुसलं, पापण्या वर करून पाहिल्या. मग खांद्यावर एक सणसणीत चापट मारली.

माझंही डोकं भडकलं. माझे हात बोलत सुटलेच. रस्ता! गाड्या! हॉर्न ऐकू येतो का तुला? कडेवर बाळ घेऊन? आणि घरात आलेला तो माणूस कोण?

माणूस? तिला काही उमजेना. मग तिने सावकाश सांगितलं. तू पांढरी पडली होतीस. डोळे मिटलेले, तोंड उघडं. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. तू हललीच नाहीस. मला वाटलं, गेलीस.

माझ्या लक्षात आलं. तिच्या बाजूलाही चित्र अडकलं होतं, नेमकी मी पापणी मिटली त्या क्षणी. आणि आवाज चालू राहून तिला काय उपयोग?

मग, ती म्हणाली, मी... आणि तिचे हात थांबले. आमच्या दोघींच्या भाषेत हाकेला खूणच नाही. खांद्याला हात लावला की झाली हाक. तिने थोडा विचार केला, बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि तिथून काहीतरी उपसून माझ्याकडे फेकल्यासारखं केलं. दोनदा. तिसऱ्यांदा.

लहानपणी घरातली मंडळी तिच्या आवाजाला हसायची. तेव्हापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. हसतानाही ओठांवर हात ठेवते. मी तिच्या पोटची, पण तिचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

फोन वाजला. नवरा धापा टाकत होता. "घरी कोणी नाही! कोण होता तो माणूस?"

"कोणी नव्हता," मी म्हणाले. "आई मला हाक मारत होती. दोघी इथे आहेत, ठीक आहेत."

"आई?" एवढंच तो म्हणाला.

"हो. आणि ती कुठेही जाणार नाही."

आई माझी बाही ओढत होती. तिला एकच गोष्ट विचारायची होती. तिने माझ्या कानाला बोट लावलं, मग स्वतःच्या गळ्याला. तुला तर ऐकू येतं. आली का ऐकू?

मी फोन टेबलावर ठेवून दिला, कारण उत्तराला दोन्ही हात लागणार होते.

आली, मी म्हणाले. म्हणूनच तर धावले.

तिने मान डोलावली आणि ताईंच्या कडेवरून बाळ घेतलं. कशाला घाबरून धावले, ते मी तिला कधीही सांगणार नाही.