उणे चारचा कीबोर्ड

आमच्या संगीताच्या सरांच्या मते जगात वाद्यं दोनच प्रकारची असतात, खरी आणि विजेची. खरी म्हणजे ज्यांना फुंकर, भाता किंवा तारा असतात. विजेची म्हणजे खेळणी. हे त्यांनी मला एकटीला सांगितलं असतं तर मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण त्यांनी ते अख्ख्या गायनवृंदासमोर सांगितलं, आणि तेही मी नुकतीच सगळ्यांदेखत तोंडघशी पडलेली असताना. पडलेल्या माणसाला हात द्यायचा असतो. सरांनी मला धडा दिला.

झालं असं. गायनवृंदाला कीबोर्डवर साथ करणारा दादा शाळा संपवून गेला आणि वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला. सर स्वतः पेटी उत्तम वाजवतात, पण कार्यक्रमात त्यांचे दोन्ही हात लहान मुलांना आवरण्यात गुंतलेले असतात. म्हणून साथीला कोणीतरी हवं होतं. ती जागा मला हवी होती. ‘मिळाली तर बरं’ अशी नाही, तहान लागल्यावर पाणी हवं असतं तशी. तिसरीपासून मी कीबोर्ड वाजवतेय आणि आजवर माझं वाजवणं लाँड्रीच्या गिऱ्हाइकांखेरीज कोणी ऐकलेलं नाही.

लाँड्री आमची. पुढे काचेपाशी आई-बाबा इस्त्री करतात आणि मागे हँगरच्या रांगांमध्ये माझा कीबोर्ड आहे. त्या जागी आधी इस्त्रीचं तिसरं टेबल होतं. ते बाबांनी काढून टाकलं. “तिसऱ्या टेबलावर काम करायला माणूस कुठाय?” असं ते सगळ्यांना सांगतात. माणूस होता. त्याला दुसरीकडे जावं लागलं, आणि तेव्हापासून आई-बाबा दोघंच तिघांचं काम ओढतात. आई तर गिऱ्हाइकाला कपडे देताना म्हणते, “जरा थांबा, हे गाणं संपू दे, मग सुटे देते.” मला शिकवायला कोणी नाही. मी ऐकते आणि शोधते. बाबा गातात, मी त्यांच्या गळ्यामागे बोटं फिरवते. गायनवृंदाचं गाणं भोंग्याने मला फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. भोंगा म्हणजे माझी जिवलग मैत्रीण. वृंदात ती गायला लागली की बाकीचे फक्त ओठ हलवतात. तिच्या आवाजावरून मी ते गाणं असं पक्कं बसवलं की झोपेतही वाजवलं असतं.

आणि शाळेच्या कीबोर्डवर मी पहिली ओळ वाजवली तेव्हा मुलं एकीकडे आणि मी दुसरीकडे. माझे सूर त्यांच्या कितीतरी वर. मी घाबरून बोटं सरकवली, तर काळ्या-पांढऱ्यांचा हिशेबच चुकला आणि कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर शिरावं तसा आवाज झाला. लहान मुलं हसून एकमेकांवर पडली. सरांनी हात वर केला.

“खेळण्यावर शिकलं की असंच होणार,” ते म्हणाले. “बटण दाबलं की यंत्र आपोआप वाजवतं. आपल्याला वाटतं, आपणच वाजवलं. घरी कोणी गाणारं आहे का?”

“बाबा गातात.”

“काय करतात?”

“लाँड्री आहे आमची.”

सर फक्त “अच्छा” म्हणाले. तो ‘अच्छा’ मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या एका शब्दात त्यांनी आमचं दुकान धुऊन, पिळून वाळत घातलं.

शाळेतून आल्यावर मी दप्तर चादरींच्या गठ्ठ्यावर भिरकावलं आणि दुकानात उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. आईने इस्त्री उभी करून ठेवली. ती इस्त्री अशी मध्येच उभी करते तेव्हा समोरच्याची खैर नसते.

“पण तू चुकलीस कशी?” ती म्हणाली. “रोज तर बरोबर वाजवतेस.”

तेच मलाही कळत नव्हतं. मी कीबोर्डपाशी बसले आणि फोनवर भोंग्याचं गाणं लावलं. बोटं ठेवली. अगदी बरोबर. फोनमधला सूर आणि माझा सूर एकजीव. मग शाळेत काय झालं? मी पहिल्यांदाच कीबोर्डच्या छोट्या पडद्याकडे नीट पाहिलं. कोपऱ्यात उणे चार लिहिलेलं होतं. ते तिथे नेहमीच असायचं. मला वाटायचं तो मॉडेलचा नंबर आहे.

“बाबा, हे उणे चार काय आहे?”

“ते होय? ते मीच करतो,” बाबा हातातला फवारा खाली न ठेवता अभिमानाने म्हणाले. “तू शाळेतून यायच्या आधी मी तो लावून ठेवतो ना. इस्त्रीसारखं आहे ते. आधी लावली की तापून तयार राहते, पोरीला थांबायला नको. पण फार तापूही नये, म्हणून उणे चारवर आणतो. रेशमी कपड्याला आपण कसं आकडा खाली घेतो, तसं.”

आई आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“अहो, तो कीबोर्ड आहे,” आई म्हणाली.

“मग? विजेवरच चालतो की. आणि उणे चारला माझ्या गळ्यालाही बरं पडतं. आधी वरचे सूर लागायचेच नाहीत.”

म्हणजे असं होतं. ते बटण सगळ्या पट्ट्यांना चार घरं खाली उतरवतं. मी इतकी वर्षं जो सूर ऐकत होते, त्यासाठी बोट मात्र चार घरं वर ठेवत होते. शाळेतल्या कीबोर्डवर ते बटण शून्यावर होतं. माझी बोटं सरळ चालली आणि गाणं वाकडं गेलं.

मला भयंकर राग आला आणि त्या रागाला बसायला जागाच सापडेना. बाबांवर रागवावं, तर ते रोज दुपारी माझ्यासाठी कीबोर्ड तापवून ठेवतात. अशा माणसावर कसं रागवायचं? बाबांचा चेहरा हळूहळू पडत गेला. त्यांनी फवारा खाली ठेवला.

“म्हणजे माझ्यामुळे तुझी जागा गेली?”

“तुमच्यामुळे चुकलं,” आई म्हणाली. “जागा गेली ती त्या सरांमुळे. चूक काय आहे ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चला.”

“कुठे?”

“शाळेत. उद्या. दुकान बंद ठेवून.”

दुकान ते माझ्या आजारपणातही बंद ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं संगीताच्या खोलीत गेलो. गायनवृंद सरावाला जमलेलाच होता. आईने स्वतःची साडी इतकी कडक इस्त्री केली होती की ती बसेल की नाही याची मला शंका होती. सरांनी ऐकून घेतलं, म्हणजे ऐकताना घड्याळाकडे पाहत राहिले.

“ते सगळं ठीक आहे हो,” ते म्हणाले, “पण आता निवड संपली. मी व्यवस्था केलीय.”

“कोणाला घेतलंत?” आईने विचारलं.

“कोणाला नाही. रेकॉर्ड केलेला ट्रॅक आणलाय. एकदम स्वच्छ. चुकायचा प्रश्नच नाही.”

आमच्या घरात मोठ्यांना उलटून बोलायचं नाही असा नियम आहे, पण तो घरातला आहे आणि आम्ही शाळेत होतो.

“सर, कीबोर्ड यंत्र आहे म्हणून मी नको, आणि माझ्या जागी तुम्ही यंत्रच आणलंत?”

“तसं नाही ते.”

“मग कसं? ट्रॅकला फुंकर लागते की भाता? आणि तुम्ही रोज सकाळी गाता तेव्हा तंबोरा फोनवर लावता. तो विजेचा नाही?”

मागून भोंगा हसली. ती हळू हसते तेव्हाही भिंतीला ऐकू जातं. सरांचे कान लाल झाले. पण ते पडते घेणाऱ्यांपैकी नाहीत. “बघाच,” म्हणत त्यांनी मुलांना उभं केलं आणि ट्रॅक लावला.

पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात पुढच्या रांगेतला एक छोटा ओळ विसरला, त्याच्याबरोबर शेजारचे चार अडखळले, आणि ट्रॅक आपला निघून गेला. बस सुटावी तसा. मुलं मागून धावतायत, तो थांबतोय कशाला. सर मुलांवर ओरडले. पुन्हा लावला. मुलं पुन्हा तिथेच पडली, आता भीतीने.

मला त्या छोट्यांचा इतका राग-राग आला, म्हणजे त्यांच्यावर नाही, त्यांच्यासाठी. चुकले म्हणून ओरडा त्यांनाच, आणि जो थांबत नाही तो एकदम स्वच्छ. मी कोणाला न विचारता शाळेच्या कीबोर्डवर बसले, बटण चारदा खाली दाबलं आणि भोंग्याला मान हलवली.

दुसऱ्या कडव्याला छोटा अडला. मी तोच सूर धरून ठेवला. मला याची सवय आहे. बाबा इस्त्री करता करता गातात, कॉलर आली की थांबतात, बाही संपेपर्यंत एकच शब्द ओढतात, मध्येच “बिल उद्या देतो” म्हणतात आणि पुन्हा ओळ पकडतात. त्यांच्याबरोबर वाजवणारीला कोणीही चालतं. छोट्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला ओळ आठवली, आणि सगळे पुढे निघाले. गाणं शेवटपर्यंत गेलं. भोंग्याने शेवटचा सूर असा लावला की खिडकीची काच थरथरली.

सरांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, “ठीक आहे. वाजव कार्यक्रमात.”

बाबांनी हात जोडले. ते रात्रभर झोपले नव्हते, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

“फक्त एक,” सर म्हणाले. “पाहुणे येणार आहेत. स्टेजवर प्लास्टिकचा कीबोर्ड बरा दिसत नाही. तू पडद्यामागे बस. सूर काय, ऐकू येणारच.”

“चालेल, चालेल,” बाबा घाईने म्हणाले. “वाजवायला मिळालं ना, बास झालं.”

मला माहीत होतं ते असं का म्हणाले. त्यांना त्यांचे उणे चार भरून द्यायचे होते. पण पडद्यामागे तर मी इतकी वर्षं होतेच. फरक एवढाच, की तिथे चादरी होत्या.

आई शांतपणे म्हणाली, “सर, आमच्या लाँड्रीत इस्त्री आम्ही पुढे काचेपाशी करतो. मागे केली असती तर उकाडा कमी झाला असता. पण हात कोणाचे आहेत हे माणसाला दिसलं पाहिजे.”

“अहो, पण हा शाळेचा कार्यक्रम आहे.”

“म्हणूनच म्हणतेय.”

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांनी विनवणीने आणि आईने नुसतंच. जागा मला हवी होती, ती हातात आली होती, आणि एका ‘हो’ने माझी झाली असती. मी हात कीबोर्डवर ठेवले. एक सूर उगाच वाजला.

“मी मागे बसणार नाही, सर,” मी म्हणाले. “मागे बसले तर छोटे मला दिसणार नाहीत, आणि त्यांना मी दिसणार नाही. ते अडले तर मी थांबणार कशी? मग तुमचा ट्रॅक काय आणि मी काय. आणि ते खोटं कारण नाही, पण खरं कारण हे की मला दिसायचंय. नसेल जमत तर ट्रॅकच लावा.”

बाबांनी डोळे मिटले.

सरांनी मुलांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतला तो छोटा माझ्या स्टुलाला धरून उभा होता आणि सोडायला तयार नव्हता.

“कडेला बस मग,” सर शेवटी कुरकुरले. “स्टेजवर, पण कडेला. मधोमध मुलं.”

“चालेल,” मी म्हणाले. आभार मानले नाहीत. आधी सरांनी तो ‘अच्छा’ परत घ्यावा, मग बघू.

सर कपाटाला कुलूप लावायला वळले. बाबा त्यांच्यामागे दोन पावलं गेले.

“सर, कोणत्या कडेला?” त्यांनी विचारलं. “म्हणजे, आम्ही त्या बाजूच्या खुर्च्या धरू. आम्हाला हात दिसले पाहिजेत.”