बाहुलीच्या पोटातला आवाज

चार वर्षांची असताना माझा फोटो एका साबणाच्या वेष्टनावर छापला होता. गोबरे गाल, कपाळावर बटा, दातांत फट. तेव्हापासून घरात मी 'बाहुली'. रागाने ताट भिरकावलं तरी आई शेजारणीला हाक मारून दाखवायची, "बघा, रागावली की अजूनच गोड दिसते!" जळलं मेलं ते गोड दिसणं. ते अंगावरून उतरवता उतरवता निम्मं आयुष्य गेलं.

आता मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांची तुकडी सांभाळते. या कामात माझा आवाज हेच माझं हत्यार. मी ओरडले की माणसाने आधी हात मागे घ्यायचा, का ते मग विचारायचं.

धाकटा भाऊ कलावंत आहे. त्याला गोडव्याच्या बाजारावर कोरडे ओढायचे होते. म्हणून त्याने एका दालनात गुलाबी गालिचा अंथरला आणि माझ्या त्या चेहऱ्याच्या शेकडो कापडी बाहुल्या मांडल्या. पोट दाबलं की बाहुली चिरकते, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" तो आवाज माझा. माझा चेहरा वापरू नकोस म्हणून मी त्याला फोनवर झापलं होतं. या दिवट्याने ते रेकॉर्ड केलं, बारीक केलं आणि बाहुल्यांच्या पोटात भरलं. लोक रांग लावून पोटं दाबतात, खिदळतात, जाताना तशीच छोटी बाहुली किल्लीला अडकवायला विकत घेतात.

मी झापूनही त्याने हे सगळं मांडलंय, तेही माझा आवाज घालून, हे मला ठाऊकच नव्हतं. परवा कामावर कळलं. आमच्या तुकडीतला सगळ्यात हसरा मेकॅनिक, त्याला सगळे बटाट्या म्हणतात, दोर तपासत होता. जोडीदाराने चाचणीसाठी मोटर चालू केली आणि याचा हात अजून पुलीपाशीच.

"हात काढ! एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

बटाट्या फिस्सकन हसला. आदल्या दिवशीच बायकोला घेऊन तो ते दालन बघून आला होता. तो हसेपर्यंत दोराने त्याची दोन बोटं पुलीत ओढून नेली.

"सॉरी मॅडम," स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो मलाच म्हणाला, "ती बाहुली आठवली हो."

दवाखान्यातून मी तशीच दालनात गेले. शर्टावर त्याचं रक्त होतं. भाऊ दारात पाहुण्यांना काहीतरी समजावत होता. त्याला बाजूला ओढून मी बटाट्याचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बंद कर हे."

"वाईट झालं गं. पण ताई, उलट बघ ना! बाईचा राग कुणी मनावर घेत नाही, हेच तर मी दाखवतोय."

"तू घेतलास?"

 तो माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "शांत हो गं. रागावलीस की अजून तश्शीच दिसतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. धोका दिसला की मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मग प्रत्यक्ष मालक आला तरी त्याने त्या कुलपाला हात लावायचा नाही. बाहुल्यांच्या वायरी गालिच्याखालून मागच्या पॅनेलला गेल्या होत्या. मी स्विच पाडला, पिशवीतलं कुलूप काढून घातलं.

दिवे गेले. कुणीतरी अंधारात एक बाहुली दाबली, पुन्हा दाबली. ती गप्प.

"सगळे बाहेर व्हा," मी ओरडले. एकही जण हसला नाही. सगळे मुकाट्याने बाहेर पडले.

भाऊ अंधारात चाचपडत माझ्यापाशी आला. "ताई, वेडी झालीस का? किल्ली दे. बाहेर रांग उभी आहे."

"किल्ली बटाट्याकडे जाणार. तोच येऊन हे कुलूप उघडेल," मी म्हटलं. "कुठल्या बोटांनी, ते जाऊन त्याला विचार."