नागीण मधली रेघ का ओलांडत नाही

कुपवाडच्या पलीकडच्या वस्तीवर कुणाला नागीण उठली, की माणूस थेट रंगूबाईच्या दारात. पाण्याच्या फोडांची माळ दिसली की ती गेरू कालवायची, माळेपुढं, अंगाच्या मधोमध रेघ ओढायची आणि दम द्यायची, "आता हिची दोन टोकं जुळायची न्हाईत." नागीणही रेघेपलीकडं कधी गेली नाही. रंगूबाईला त्याचा भारी तोरा.

यंदा नागीण तिच्याच कपाळावर उठली, उजव्या अंगाला. डोकं ठणकलं, पापणी सुजली. बिनचष्म्यानं सुई ओवून वाकळा शिवणारा तिचा तो डोळा मिटून गेला. शेजारची बयाबाई रेघ ओढायला आली, तर हिनं तिला, तुझी अंगणातली रांगोळी तरी सरळ येती का, असं विचारून परतवून लावलं. मग आरशात बघून कपाळाच्या मधोमध स्वतःच गेरू ओढला.

सकाळी नाकाच्या शेंड्यावरही फोड. सून दीपमालानं तो बघितला आणि नवऱ्याला, जयराजला, गाडी काढायला सांगितली. नागीण काय दवाखान्यात जाती व्हय, म्हणून सासूनं तोंड सोडलं.

"आत्या, शिव्या वाटंत द्या. आधी गाडीवर बसा."

विश्रामबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई गेरू बघून हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आजी, रेघ न ओढलेली नागीण कधी बघितलीय?"

रंगूबाईला धाकटी जाऊ आठवली. ती फौजी नवऱ्याजवळ पंजाबात असताना तिला कमरेला उठली होती. तिथं कुठला गेरू?

"ती बी मणक्यापाशीच थांबली हुती," ती हळूच म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, शरीराची राखण ढिली पडली, की तो उठतो आणि त्याच तंतूवरून कातडीपर्यंत येतो. डाव्या अंगाचा तंतू वेगळा, उजव्याचा वेगळा, म्हणून नागीण मध्ये थांबते.

"तुमची नजर पक्की होती, आजी. कारण तेवढं चुकलं. पण कपाळ, नाकाचा शेंडा आणि डोळा यांची वाट एकच. ती आता डोळ्याकडं निघालीय. तिथं रेघ कुठं ओढणार?"

तोरा गळाला! रंगूबाईनं पदरानं गेरू पुसला आणि गोळी घ्यायला हात पुढं केला.

वेळेत पोचल्यामुळं डोळा वाचला. कपाळाची ठणक मात्र बरेच दिवस राहिली. तेवढ्या दिवसांत दीपमालानं ऐकून घेतलेल्या शिव्याही मायेच्याच होत्या.

पुढं बयाबाई आपल्या भावाला, आकारामला, घेऊन आली. त्याच्या भुवईवर फोड.

"गेरू तुळशीकट्ट्याला लावून संपवला," रंगूबाई सुई ओवता ओवता म्हणाली. "आन् तुजं तान्हं नातवंड ह्याच्याजवळ देऊ नगंस, फोडाच्या पाण्यानं त्याला कांजिण्या व्हतील. जयराज, गाडी काढ."

मंडळी, नागीण काही साप नव्हे आणि कुणाचा कोपही नव्हे. ती उठली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि डोळ्याजवळ उठली, तर पायात चप्पल सरकवायलाही थांबू नका.